जगाच्या वाटेवर : गायरानावरचा गोल्फ

गोल्फ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभे राहते. राखलेले हिरवेगार मैदान, फाटकावर रखवालदार, आत पांढऱ्या टोप्या घातलेले साहेब, आणि काठ्यांची जड पिशवी खांद्यावर टाकून त्यांच्या मागे चालणारे एखादे पोरगे. हा खेळ आपला नव्हे, असे आपण कधीच ठरवून टाकलेले असते. फाटकाच्या आत काय चालते, हे विचारायचीही आपल्याला गरज वाटत नाही.

पण वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या घरांतली मुले-मुली आता शिक्षणासाठी, नोकरीसाठी इंग्लंडला जाऊ लागली आहेत. तिथे बरोबर काम करणारी मंडळी सुट्टीत गोल्फच्या सहली काढतात आणि यांनाही 'चला' म्हणतात. मुलांना भेटायला म्हणून काही आईवडीलही तिकडे जाऊन येतात. तेव्हा या सदरातून आज इंग्लंडच्या समुद्रकाठच्या काही गोल्फ मैदानांची सहल करू. नावाजलेली मैदाने बाजूला ठेवू. ज्यांचे नाव फारसे कुणी घेत नाही, तिकडेच जाऊ. तिथे पाहण्यासारखे आहे, आणि विचार करण्यासारखेही आहे.

आधी खेळ समजून घेऊ. गोट्यांच्या खेळात जशी गल असते, तशी गोल्फमध्ये जमिनीत एक लहानशी गल असते. दूरवरून काठीने चेंडू मारत मारत तो त्या गलीत घालायचा. अशा १८ गली असतात. कमीत कमी फटक्यांत जो १८ गली पुऱ्या करील तो जिंकला. गलीभोवतीचे गवत अगदी बारीक कापलेले असते. वाटेत वाळूचे खड्डे असतात. त्यात चेंडू गेला की बाहेर काढता काढता घाम फुटतो.

समुद्रकाठच्या जुन्या मैदानांना तिकडे 'लिंक्स' म्हणतात. उंचवटा या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दावरून हे नाव आले. समुद्र आणि शेते यांच्यामधली ही वाळूची पट्टी. तिथे पीक येत नाही, झाड धरत नाही. उगवते ते बारीक, चिवट गवत. म्हणून शेकडो वर्षे ती जमीन मेंढ्या चारण्यापलीकडे कशाच्या कामाची मानली गेली नाही. वाऱ्यापासून आडोसा शोधत मेंढ्या जिथे अंग चोरून बसायच्या, तिथली वाळू उघडी पडून खड्डे झाले, आणि खेळातले वाळूचे खड्डे त्यातूनच आले, असे सांगतात. वाळूत पाणी मुरते, त्यामुळे ऐन पावसाळी थंडीतही इथे खेळता येते. थोडक्यात, ज्या जमिनीला कुणी मोल दिले नाही, त्या जमिनीवर हा खेळ वाढला. फाटके आणि रखवालदार नंतर आले.

आता सहलीला निघू. पहिला मुक्काम डेव्हन परगण्यात. लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकावरून एक्झेटर, तिथून लहान गाडीने बार्नस्टेपल, आणि पुढे बसने वेस्टवर्ड हो! या गावी. गावाच्या नावातच उद्गारचिन्ह आहे. चार्ल्स किंग्जली याच्या १८५५ सालच्या कादंबरीवरून हे नाव पडले. मुंबईत जन्मलेला लेखक रुड्यार्ड किपलिंग लहानपणी इथल्याच शाळेत शिकला.

गावाला लागून नॉर्दम बरोज नावाचे मोठे रान आहे. त्यावर १८६४ साली रॉयल नॉर्थ डेव्हन हा गोल्फ क्लब सुरू झाला. आपल्या मूळ जमिनीवर अजूनही खेळले जाणारे हे इंग्लंडमधले सर्वांत जुने गोल्फ मैदान मानतात. पण ही जमीन क्लबच्या मालकीची नाही. ते सामायिक रान आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर गायरान. नॉर्दमच्या रहिवाशांना तिथे मेंढ्या आणि घोडे चारण्याचा जुना हक्क आहे, आणि तो आजही चालतो. हक्कदारांना तिथे 'पॉटवॉलपर' म्हणतात. याचा अर्थ, आपल्या चुलीवर आपली हंडी उकळणारा. ज्याची गावात चूल, त्याचा रानावर हक्क, इतका साधा हिशेब.

त्यामुळे इथे खेळणाऱ्याला मेंढ्यांच्या मधून वाट काढावी लागते. भारी बूट घातलेला कुणी साहेब चेंडूवर नजर लावून उभा आहे आणि समोर एक मेंढी निवांत चरते आहे. थांबायचे कुणी? साहेबाने. रान तिचे आहे.

समुद्राच्या बाजूला गोल दगडांचा एक लांबलचक नैसर्गिक बांध आहे. वादळात दगड खाली घरंगळायचे, मग गावकरी वर्षातून एकदा जमून ते पुन्हा वर टाकायचे. रान आपले म्हटल्यावर राखणही आपलीच. आज समुद्र या किनाऱ्याचे लचके तोडतो आहे, आणि मैदानाचा काही भाग मागे घ्यावा लागला आहे. चौथ्या गलीच्या वाटेवर लाकडी फळ्यांनी बांधलेला वाळूचा प्रचंड खड्डा आहे. काठावर उभे राहून पाहिला तरी छाती दडपते. आणि जागोजाग सुईसारख्या टोकांचे उंच लव्हाळे. त्यात गेलेला चेंडू विसरावा हे बरे.

याच नॉर्दम गावात १८७१ साली एका कष्टकरी घरात जॉन हेन्री टेलर जन्मला. अकराव्या वर्षी शाळा सुटली. मग साहेबांच्या पिशव्या वाहणे, घरगड्याचे काम, बागेतले काम, मजुरी, आणि पुढे मैदानाचे गवत राखणे. सैन्यात भरती व्हायचा प्रयत्न केला, पण नजर कमजोर म्हणून घेतले नाही. मात्र मैदान गावच्या रानावर असल्याने गावच्या पोराला तिथून हुसकून लावणे सोपे नव्हते. पाहून पाहून तो खेळ शिकला.

१८८८ साली गावातल्या कामगारांनी आपला स्वतःचा क्लब काढला. नाव ठेवले नॉर्दम वर्किंग मेन्स गोल्फ क्लब. तरुण टेलर त्याच मंडळींतला. सहा वर्षांनी, १८९४ साली, गोल्फमधली सर्वांत मोठी स्पर्धा 'ओपन' पहिल्यांदाच इंग्लंडमध्ये, सँडविच येथे भरली आणि ती या टेलरने जिंकली. त्यानंतर १८९५, १९००, १९०९ आणि १९१३ अशी आणखी चार वेळा जिंकली. त्याचे दोन मोठे प्रतिस्पर्धी होते. हॅरी व्हार्डन हा माळ्याचा मुलगा, आणि जेम्स ब्रेड हा सुतारकाम शिकलेला. १८९४ ते १९१४ या काळात या तिघांनी मिळून ओपन १६ वेळा जिंकली. साहेबांचा म्हटला जाणारा खेळ त्या काळी साहेबांना शिकवत होते ते कष्टकऱ्यांचे मुलगे!

पण एक गोष्ट विसरून चालणार नाही. त्या काळी पोटासाठी खेळणाऱ्या या खेळाडूंना क्लबच्या इमारतीत प्रवेश नसे. साहेब लोक आत चहा घेणार, आणि ज्याने त्यांना काठी धरायला शिकवले तो बाहेर शेडमध्ये उभा. ठिकठिकाणी कामगारांचे क्लब निघाले, त्यांचीही तीच गत. वर्गणी कमी, पण खेळायची वेळ ठरवून दिलेली, बसायची खोली वेगळी, आणि बदल्यात मैदानाची डागडुजी करायची. अर्धे दार उघडे, अर्धे बंद. असे दार आपल्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही.

टेलरने स्वतःच्या यशावर समाधान मानले नाही. १९०१ साली त्याने पुढाकार घेऊन व्यावसायिक खेळाडूंची संघटना उभी केली. १९२१ साली कामगार-कारागीर गोल्फरांची देशपातळीवरची संघटना निघाली, तिच्याही मागे तो होता. लंडनमध्ये रिचमंड पार्कात सर्वसामान्यांसाठी मैदान झाले, त्याच्या आखणीत त्याचा हात होता. त्याचे पुढे काय झाले ते शेवटी सांगतो.

दुसरा मुक्काम शेजारच्या कॉर्नवॉल परगण्यात. पॅडस्टो या बंदरातून होडीने खाडी ओलांडली की पलीकडे रॉक गाव, आणि तिथे सेंट एनोडॉक हे मैदान. क्लब १८९० चा. आखणी त्याच जेम्स ब्रेडची. मैदानाच्या मधोमध एक लहानसे चर्च आहे, त्याचा कळस किंचित कललेला. उडत्या वाळूने हे चर्च जवळजवळ तीनशे वर्षे गाडलेले होते. ते चालू आहे असे दाखवले नाही तर उत्पन्नाचा हक्क जाईल, म्हणून पाद्री वर्षातून एकदा छतातून आत उतरून प्रार्थना उरकत असे! १८६४ साली ते वाळूतून मोकळे केले गेले. राजकवी जॉन बेट्जमन यांना गोल्फचे वेड होते. १९८४ साली त्यांना इथेच दफन केले. सहाव्या गलीजवळ वाळूची एक अजस्र टेकडी आडवी येते. तिचे नाव ऐकून हसू येईल. तिला 'हिमालय' म्हणतात. चर्चकडे जाणारी पायवाट मैदानातूनच जाते, आणि ती सर्वांना मोकळी आहे.

तिसरा मुक्काम लिव्हरपूलजवळ वॉलसी येथे. लिव्हरपूलहून लोकल गाडीने नदीखालच्या बोगद्यातून थोड्याच वेळात पोहोचता येते. शेजारीच हॉयलेकचे जगप्रसिद्ध मैदान आहे, त्यामुळे वॉलसीकडे बाहेरच्यांचे लक्ष कमी. पण जगभरातले साधे खेळाडू आज ज्या पद्धतीने गुण मोजतात, ती इथे रूढ झाली. डॉ. फ्रँक स्टेबलफर्ड हे शल्यचिकित्सक या क्लबचे सभासद. समुद्रावरून असा वारा सुटे, की एखाद्या गलीवर दहा-दहा फटके लागत. एकच गल बिघडली की सगळा दिवस फुकट. लोक निराश होऊन अर्ध्यातून परत जात. डॉक्टरांनी उपाय काढला. फटके मोजण्याऐवजी प्रत्येक गलीला गुण द्यायचे. ठरल्या फटक्यांत गल पुरी केली तर दोन गुण, एक फटका जास्त लागला तर एक, दोन जास्त लागले तर शून्य. एक कमी लागला तर तीन. शून्य मिळाले की चेंडू उचलायचा आणि पुढच्या गलीवर नव्याने सुरुवात करायची. १६ मे १९३२ रोजी वॉलसीत या पद्धतीने पहिली स्पर्धा झाली. एका चुकीने सगळे बुडू नये, यात केवढे शहाणपण आहे! परीक्षेत एका विषयात मागे पडून खचलेल्या मुलांना ही गोष्ट जरूर सांगावी.

चौथा मुक्काम खास आमच्या भगिनींसाठी. इंग्लंडच्या वायव्य टोकाला, स्कॉटलंडच्या डोंगरांसमोर, सिलोथ नावाचे छोटे बंदर आहे. तिथल्या क्लबची स्थापना १८९२ ची. रेल्वेमुळे गाव वाढले, पण ती रेल्वे १९६४ साली बंद झाली, म्हणून आता कार्लाइलहून बसने जावे लागते. रेल्वे गेली आणि बाहेरच्या गर्दीला हे मैदान दूर पडले. जाणकार मात्र त्याला देशातल्या उत्तम मैदानांत धरतात. वाळूच्या टेकड्यांवर जांभळी झुडपे, पिवळी फुले, आणि खाडीवरून येणारा वारा.

या गावात एका डॉक्टरला पाच मुली. त्या या मैदानावर खेळत वाढल्या. त्यांतली सेसिल लीच पुढे स्त्रियांच्या ब्रिटिश स्पर्धेत चार वेळा विजेती झाली, १९१४, १९२०, १९२१ आणि १९२६ साली. १९१० साली, स्त्रियांना मतदानाचा हक्कही नव्हता तेव्हा, एकोणीस वर्षांच्या या मुलीने हॅरोल्ड हिल्टन या दोन वेळच्या ओपन विजेत्या पुरुषाशी सामना घेतला. दर दोन गलींमागे एका फटक्याची सूट तिला होती. अशी सूट देण्याची रीत या खेळात पहिल्यापासून आहे. ती मेहेरबानी मानत नाहीत. दोघांना बरोबरीने झुंजता यावे यासाठी ती असते. ७२ गलींच्या त्या सामन्यात हिल्टन पुष्कळ पुढे गेला होता, तरी शेवटी सेसिल जिंकली. याउलट सँडविचच्या नामांकित क्लबने स्त्रियांना सभासद करून घेण्याचा निर्णय घेतला तो २०१५ साली! मोठे नाव आणि मोठे मन नेहमी एकत्र नांदतातच असे नाही.

पाचवा मुक्काम ईशान्य किनाऱ्यावर, हार्टलपूलजवळ सीटन कॅरू येथे. क्लब १८७४ चा. १९२५ साली डॉ. ॲलिस्टर मॅकेंझी यांनी मैदानाची नव्याने आखणी केली. पुढे अमेरिकेतले ऑगस्टा येथील जगप्रसिद्ध मैदान आखण्यात ज्यांचा हात होता तेच हे गृहस्थ. पण इथे चित्रातला देखावा शोधू नये. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला रसायनांचे कारखाने आणि अणुवीज केंद्र. नदीपलीकडे रेडकारचा पोलाद कारखाना होता. २०१५ साली तो बंद पडला, हजारो हातांचे काम गेले, आणि २०२२ साली त्याची मोठी भट्टीही पाडली. गिरण्यांच्या चिमण्या थंड झालेल्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना तिथे उभे राहिल्यावर काय वाटेल ते वेगळे सांगायला नको. या मैदानाला रेल्वे स्थानकही जवळ आहे.

तिथून उत्तरेला गेले की एंबल्टन. अल्नमथ स्थानकावर उतरून बस घ्यावी. इथल्या मैदानाचे नाव डन्स्टनबरो कॅसल. नावाप्रमाणे टोकाला समुद्रात घुसलेल्या कड्यावर १३१३ साली बांधायला घेतलेला किल्ला आहे. आता नुसते भग्न बुरूज उभे आहेत. ज्या सरदाराने तो बांधला, त्याने राजाविरुद्ध बंड केले आणि १३२२ साली त्याचे मुंडके उडवले गेले. खेळणाऱ्याला फटका मारताना समोर हे बुरूज दिसत राहतात. न खेळणाऱ्याने क्रॅस्टर या कोळीवाड्यातून किनाऱ्याने किल्ल्यापर्यंत चालत यावे. अर्ध्या-पाऊण तासाची वाट. क्रॅस्टरला हेरिंग मासळी लाकडाच्या धुरावर धरतात. आपल्या सुकटीवर वाढलेल्या माणसाला तो वास परका वाटणार नाही.

परतीच्या वाटेवर सवड असेल तर नॉरफोक परगण्यात ब्रँकस्टर पाहावे. क्लबकडे जाणारा रस्ता खाजणातून जातो आणि उधाणाच्या भरतीला पाण्याखाली जातो. घड्याळाबरोबर भरतीचे वेळापत्रक पाहूनच निघावे, नाहीतर पाणी उतरेपर्यंत अडकून पडावे लागते.

आता खर्चाचे आणि रीतीचे बोलू. नामांकित मैदानांवर एका फेरीला शेकडो पौंड पडतात. वरची मैदाने त्या मानाने स्वस्त आहेत. सेंट एनोडॉक त्यातल्या त्यात महाग, एंबल्टनसारखी लहान गावची मैदाने सर्वांत परवडणारी. हिवाळ्यात, किंवा संध्याकाळी उशिरा खेळल्यास दर आणखी कमी होतो. आगाऊ विचारून वेळ ठरवावी. काठ्या बहुधा भाड्याने मिळतात. काही क्लब खेळ येत असल्याचा दाखला मागतात, तेही आधीच विचारून घ्यावे. पावसाचा कोट आणि वाऱ्याला दाद न देणारे कपडे उन्हाळ्यातही बरोबर असू द्यावेत.

आणि ज्यांना खेळायचेच नाही, त्यांनी? त्यांनी चालावे. इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर सुमारे १,०१४ किलोमीटरची एक सलग पायवाट आहे. नॉर्दमचे रान तिच्याच वाटेवर लागते. पायवाटेवरून चालणाऱ्याला कुणी हटकू शकत नाही. तो त्याचा कायदेशीर हक्क आहे. पथ्य एवढेच, की कुणी फटका मारत असेल तर क्षणभर थांबावे, आणि 'फोर' अशी आरोळी ऐकू आली तर मुलाबाळांसह डोके सांभाळून खाली वाकावे. ती आरोळी म्हणजे चेंडू तुमच्याकडे येतो आहे!

सहल संपवण्याआधी पुन्हा नॉर्दमच्या रानावर जाऊ. टेलर म्हातारपणी आपल्या गावी परतला. १९५७ साली रॉयल नॉर्थ डेव्हन क्लबने त्याला आपला अध्यक्ष केले. ज्या क्लबच्या सभासदांच्या पिशव्या त्याने अकराव्या वर्षी खांद्यावर घेतल्या होत्या, त्याच क्लबच्या अध्यक्षाच्या खुर्चीवर तो शहाऐंशीव्या वर्षी बसला. १९६३ साली, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षी, तो वारला.

एवढ्यावर गोष्ट गोड करून सांगता येईल. पण नीट पाहिले तर खुर्ची ही शेवटची गोष्ट आहे. त्याआधी गावाने आपले रान सोडले नाही. त्याआधी गावच्या कामगारांनी, कुणी बोलावील म्हणून वाट न पाहता, स्वतःचा क्लब काढला. आणि त्या क्लबातून वर आलेला माणूस मागे राहिलेल्यांची संघटना बांधायला विसरला नाही. ह्या तीन गोष्टी झाल्या नसत्या, तर त्या रानाला केव्हाच फाटक लागले असते आणि फाटकावर रखवालदार बसला असता.

तुमची मुलगी किंवा मुलगा इंग्लंडला असेल, तर त्यांना एकदा नॉर्दमला जाऊन यायला सांगा. खेळता आले तर खेळावे, नाहीतर दगडांच्या बांधावर बसून डबा खावा. समोर साहेब चेंडू मारत असतील, मध्ये मेंढ्या चरत असतील. त्या मेंढ्यांकडे नीट पाहावे. दीडशे वर्षांहून अधिक काळ एवढा मोठा क्लब तिथे आहे, पण त्यांना अजून कुणी हाकललेले नाही.